ब्रेक नाही, गिअर एकच: स्पीडवे रायडर म्हणून पोट कसं भरायचं

तीन, दोन, एक, शून्य. स्पीडवे म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची मोटरसायकलची शर्यत. तिच्या एका हीटमध्ये, म्हणजे एका छोट्या शर्यतीत, चार रायडर चार फेऱ्या मारतात आणि गुण मिळतात ते एवढेच. पहिल्याला तीन, शेवटच्याला भोपळा. पोलंड, स्वीडन, डेन्मार्क आणि ब्रिटन इथे हा खेळ लीगमध्ये चालतो आणि त्यावर माणसं घर चालवतात. तिथे रायडरचा हिशेब बहुतांशी याच आकड्यांवर ठरतो: जेवढे गुण, तेवढे पैसे. एक हीट साधारण मिनिटभराची. एका सामन्यात चार-पाच हीट वाट्याला येतात, दिवस चांगला असला तर सहा-सात. म्हणजे कमाईचा वेळ जेमतेम पाच मिनिटं.

उरलेला आठवडा त्या पाच मिनिटांची तयारी करण्यात जातो, आणि तो खर्च बराचसा तुमच्या खिशातून होतो. व्हिडिओ बघून भारावलेल्यांना हे आधी सांगावं लागतं. फुटबॉलपटूला क्लब बूट देतो, मैदान देतो, महिन्याचा पगार देतो. स्पीडवे रायडर स्वतःच्या गाड्या, स्वतःची इंजिनं, स्वतःचा मेकॅनिक आणि स्वतःची व्हॅन घेऊन क्लबच्या दारात येतो. तो खेळाडू असतोच, पण त्याआधी एका फिरत्या वर्कशॉपचा मालक असतो. हे ज्याला उशिरा कळतं त्याचं करिअर लवकर संपतं, मग तो कितीही वेगवान असो.

गाडी ओळखून घ्या

500 सीसीचं एक सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन, इंधन मेथनॉल, गाडीचं वजन किमान 77 किलो. गिअर एकच. ब्रेक नाहीत, पुढेही नाहीत आणि मागेही नाहीत. ऐकून वेडेपणा वाटतो, पण त्यामागे सरळ विचार आहे. चौघं हातभर अंतरावरून एकाच वळणात घुसतात. त्यातल्या एकाने ब्रेक दाबला तर मागचा त्याच्या अंगावर चढेल. वेग कमी करायचा तो मागचं चाक आडवं घसरवूनच, आणि हे चौघांनाही ठाऊक असतं.

ट्रॅक लंबगोल, 260 ते 425 मीटरचा. फिरायचं नेहमी डावीकडे. वर दगडाच्या चुऱ्याचा किंवा शेल नावाच्या ठिसूळ खडकाचा सुटा थर असतो, आणि तो थर हाच या खेळाचा खरा मालक. चाकं माती उडवत जातात तशी ती हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकते. म्हणून पहिल्या हीटचा ट्रॅक आणि बाराव्या हीटचा ट्रॅक सारखा नसतो. सुरुवातीला आतली रेघ पकड देते, नंतर तीच गुळगुळीत होते आणि पकड कठड्याजवळ जाऊन बसते. चांगला रायडर आपली हीट नसतानाही पिटमधून, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेतून, ट्रॅककडे बघत असतो, ते यासाठीच.

मेथनॉलबद्दल आत्ताच दोन गोष्टी. ते जळताना इंजिन थंड राखतं, म्हणून इंजिन जास्त दाबावर चालवता येतं. पण दिवसाउजेडी त्याची ज्वाला जवळजवळ दिसत नाही, आणि ते विषारी असून कातडीतूनही अंगात भिनतं. हातमोजे घातल्याशिवाय कॅनला हात लावू नका. जुनेजाणते मेकॅनिक निष्काळजीपणे हाताळताना दिसतील. ती सवय मात्र त्यांच्याकडून उचलू नका.

पहिली गाडी विकत घेऊ नका

युरोपातली मुलं लहान इंजिनावर सुरुवात करतात. आंतरराष्ट्रीय पातळीवरच 190 सीसी आणि 250 सीसीचे युवा वर्ग आहेत, त्यानंतर साधारण सोळाव्या वर्षी 500. पोलंडमध्ये क्लबच्या स्वतःच्या शाळा असतात, आणि लायसन्ससाठी रीतसर परीक्षा द्यावी लागते: नियमांचा पेपर, एकट्याने वेळेत फेऱ्या, मग चौघांत टेपखालून स्टार्ट (टेप म्हणजे स्टार्टच्या गेटवर आडवी ताणलेली आणि सुटताना वर उडणारी फीत). ब्रिटनमध्ये सराव ट्रॅकवर दिवसाचे पैसे भरून, भाड्याची गाडी आणि भाड्याचा स्टीलचा बूट घेऊन सुरुवात करता येते.

वय उलटून गेलं असेल तर ग्रासट्रॅक (गवताच्या ट्रॅकवरची शर्यत) किंवा मोटोक्रॉस केलेल्या माणसाला थोडी आघाडी असते. मात्र मोटोक्रॉसवाल्याला एक जुनी खोड मोडावी लागते: अडचण आली की त्याची बोटं ब्रेकचा लिव्हर शोधतात.

निदान सहा-सात सराव दिवस भाड्याच्या गाडीवर काढा. मग घ्यायचीच तर जुनी फ्रेम आणि नीट सर्व्हिस केलेलं जुनं इंजिन घ्या. चेक बनावटीचं जावा किंवा इटालियन जीएम, दोन्ही वर्षानुवर्षं या खेळात आहेत, सुटे भाग आणि हात घालणारी माणसं दोन्हींना मिळतात. जगज्जेत्याच्या ट्यूनरकडून, म्हणजे इंजिन जुळवून देणाऱ्या कारागिराकडून, आलेलं इंजिन नवशिक्याला उपयोगाचं नाही. ते ज्या थ्रॉटलवर पळतं तिथपर्यंत त्याची मूठ फिरतच नाही.

घसरायला शिका, आणि पडायलाही

वळणाच्या तोंडाशी थ्रॉटल किंचित सोडायचा, अंग आत झुकवायचं, डावा पाय पुढे काढून स्टीलचा बूट जमिनीवर हलकेच टेकवायचा, आणि मागचं चाक सुटतंय असं वाटलं की थ्रॉटल पुन्हा उघडायचा. त्याच वेळी हँडल उजवीकडे, म्हणजे वळणाच्या उलट दिशेला. वजन उजव्या फूटरेस्टवर. डावा पाय आधाराला नसतो, तो फक्त जमीन चाचपत असतो. ज्यांचा बूट पहिल्याच दिवशी झिजून येतो ते पायावर गाडी पेलत होते, असं खुशाल समजावं.

पहिली मोठी चूक सगळेच करतात. गाडी आडवी झाली की भीती वाटते, भीती वाटली की हात थ्रॉटल बंद करतो. तसं केलं की घसरणारं चाक एकदम जमीन पकडतं, गाडी सरळ होते आणि तुम्हाला घेऊन थेट कठड्याकडे निघते किंवा उजवीकडे भिरकावून देते. स्पीडवेमध्ये भीतीवर उतारा थ्रॉटल उघडणं हाच आहे. डोक्याला हे पाच मिनिटांत पटतं, मनगटाला पटायला महिने लागतात.

दुसरी गोष्ट शाळेत शिकवतात आणि विद्यार्थी टाळतात: गाडी मुद्दाम आडवी पाडणं. पुढचा रायडर पडला, बाजूने वाट नाही, ब्रेक नाहीत. मग स्वतःची गाडी खाली टाकायची आणि तिच्यासकट घसरत थांबायचं. उजव्या मनगटाला बांधलेली दोरी त्या क्षणी इंजिन बंद करते. ती दोरी प्रत्येक वेळी, सरावालासुद्धा, बांधायचीच. पाडण्याचा सराव मंद वेगात वीस-तीस वेळा झाल्याशिवाय चौघांत स्टार्ट घेऊ नका. तुम्ही वेळेत गाडी पाडलीत तर समोरच्याचा जीव वाचतो, आणि पिटमध्ये ही गोष्ट कोणी विसरत नाही.

गेट: सगळं करिअर इथेच ठरतं

पहिल्या वळणातून जो पुढे निघाला त्याच्यापुढे मोकळा ट्रॅक असतो. बाकीचे त्याच्या चाकातून उडणारी माती तोंडावर झेलत त्याचा पाठलाग करतात. म्हणून सरावाचा वेळ कसा वाटावा असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, निम्मा गेटला द्या. ओव्हरटेकचे व्हिडिओ देखणे असतात, पण घरभाडं निघतं ते स्टार्टवर.

जवळून बघा. रायडर गेटपाशी येतो आणि पायाने माती उकरायला लागतो. चाक जिथे बसणार तिथला खळगा भरतो, मागच्या हीटने केलेल्या चरात ओलसर माती ओढून दाबतो. बघणाऱ्याला वाटतं हा वेळ काढतोय. पण त्या वीतभर जागेत पकड असली तर तो सुटतो, नसली तर चाक जागेवरच फिरतं. मग तो टेपजवळ सरकतो. छाती हँडलवर, कोपर बाहेर, क्लच दोन बोटांत. हिरवा दिवा लागला की हालचाल बंद. थ्रॉटल उघडून इंजिनचा आवाज एका पट्टीत धरलेला. नजर समोरच्या वळणावर नसते, ती टेप जिथून सुटते त्या टोकावर असते. टेप उडते आणि बोटं सुटतात. पण एकदम सोडून दिली तर पुढचं चाक हवेत जातं. क्लच पहिल्या काही फुटांत सावकाश बसू द्यायचा, अंग पुढे रेटून चाक खाली दाबायचं.

टेपला धक्का लागला तर शिक्षा आहे. बहुतेक ठिकाणी त्या हीटमधून बाद, ब्रिटिश लीगमध्ये 15 मीटर मागून सुरुवात करण्याचा पर्यायही असतो. आणि पंचाने दोन मिनिटांची वेळ सुरू केल्यावर गेटवर पोहोचला नाहीत तर बाद. मेकॅनिक चांगला असणं म्हणजे काय, हे त्या दोन मिनिटांत कळतं.

सराव असा करा: चारही गेटवरून, म्हणजे स्टार्टच्या चारही जागांवरून, प्रत्येकी पाच-सहा स्टार्ट, पहिल्या वळणापर्यंतच. मोबाइल बाजूला उभा करून शूट करा आणि घरी हळू गतीत बघा. स्वतःच्या डोक्याला वाटतं की आपण टेपबरोबर सुटलो. व्हिडिओ वेगळंच सांगतो.

पिटमधली वही

हातात असलेल्या चार-सहा गोष्टी: मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), कार्बोरेटरचा जेट (इंधन सोडणारं छिद्र), इग्निशनचं टायमिंग, क्लच, टायर. नवशिक्याने सुरुवातीला फक्त स्प्रॉकेट आणि टायर यांनाच हात लावावा. मागे एक दात वाढवला की ओढ वाढते आणि टोकाचा वेग उतरतो. माती खोल असेल तर दात वाढवायचे, ट्रॅक गुळगुळीत झाला तर कमी करायचे, म्हणजे चाक कमी फिरतं. फरक एका दाताचा, पण पहिल्या वळणात तो गाडीभर अंतर देतो किंवा घेतो.

एका वेळी एकच बदल करा. हीट हरल्यावर स्प्रॉकेट, जेट, टायमिंग तिन्ही बदलणारा रायडर दर सामन्याला दिसतो. पुढची हीट जिंकली तरी त्याला का जिंकली ते कळत नाही, आणि हरला तर मुळीच नाही.

वहीत प्रत्येक हीटची नोंद ठेवा: ट्रॅक, गेट क्रमांक, किती ओल होती, स्प्रॉकेट, टायरची कितवी कड वापरात आहे, निकाल. आणि इंजिनाच्या नावापुढे हीटची संख्या. ही इंजिनं तासांवर नाही, हीटवर मोजतात. ठरलेला आकडा आला की ते ट्यूनरकडे गेलंच पाहिजे. 'अजून एक सामना निघेल' म्हणून ताणलेलं इंजिन फुटलं तर सर्व्हिसच्या कितीतरी पट खर्च येतो. क्लचच्या प्लेट स्टार्टला तापतात, त्यांचंही तसंच.

सामन्याला दोन गाड्या न्या, दोन्ही चालत्या स्थितीत. एकच गाडी असेल तर तुम्ही अजून शिकाऊ आहात. त्यात कमीपणा नाही, पण क्लबला ते दिसतं.

संघात जागा मिळवणं

लीगचा सामना साधारण 15 हीटचा, प्रत्येक संघाचे दोघं एका हीटमध्ये. एका हीटमध्ये सहा गुण, म्हणजे एकूण 90, आणि जिंकायला 46. पहिला आणि दुसरा क्रमांक आपल्याच जोडीला मिळाला तर 5-1. सहकाऱ्याच्या पाठोपाठ आलेल्याला बोनस गुण धरतात. करारात बोनसला पैसे आहेत का, हे सही करण्याआधी वाचा. बरेच जण वाचत नाहीत.

पोलंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, एक्स्ट्रालीगामध्ये, संघात 21 वर्षांखालचे रायडर असावेच लागतात, आणि दुसरी हीट त्या मुलांचीच असते. त्यामुळे पोलिश तरुणाला वर चढायचा रस्ता लवकर उघडतो. पण तोच नियम पुढे गळ्याशी येतो. एकविसावं संपलं की राखीव जागा गेली, आणि आता तुमची तुलना जगातल्या सर्वोत्तमांशी. काल संघाला हवा असलेला मुलगा हिवाळ्यात फोनची वाट बघत बसतो. 24 वर्षांखालच्यांसाठीची जागा नंतर आली, तिने ही दरी थोडी बुजवली. तरी विसाव्या वर्षीच खालच्या विभागातल्या क्लबांशी ओळख वाढवून ठेवा. तिथे पाच हीट पळणं हे वर बाकावर बसण्यापेक्षा केव्हाही बरं.

ब्रिटनची गंमत निराळी. तिथे प्रत्येक रायडरची चार हीटमागे गुणांची सरासरी काढतात आणि संघाच्या एकूण सरासरीला मर्यादा असते. त्यामुळे वर्षभर उत्तम खेळलेला रायडर पुढच्या हंगामात संघाच्या बेरजेत बसत नाही म्हणून जागा गमावू शकतो. याउलट ज्याची सरासरी त्याच्या कुवतीपेक्षा कमी दिसते त्याला हिवाळ्यात मागणी येते. दुखापतीतून उठलेल्यांना हाच मार्ग परत आणतो.

पैसे, आणि कागद

करारात साधारण दोन भाग: हंगामाआधी मिळणारी सहीची रक्कम आणि प्रत्येक गुणामागे दर. सहीची रक्कम हातात आली की श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. ती रक्कम तुमची नाही, ती इंजिनांची आहे. हंगामाआधीचं इंजिन, टायर, व्हॅनचं काम, मेकॅनिकची आगाऊ रक्कम यांतच ती संपते, संपायलाच हवी.

प्रायोजक म्हणजे मोठी कंपनीच असं नाही. रेस सूटवर दिसणारी बरीच नावं छोट्या धंद्यांची असतात, आणि त्यांना फोटोपेक्षा हवं असतं ते पिटमध्ये येऊन रायडरशी दोन शब्द बोलणं. सामना हरल्यानंतरही ते दोन शब्द नीट बोलता आले पाहिजेत.

कागद बघताना तीन गोष्टी शोधा. पैसे थकले तर काय, पावसाने सामना रद्द झाला तर काय, आणि जायबंदी झालात तर काय. गुणावर पैसे असतील तर खाटेवर पडलेल्या रायडरची कमाई शून्य, पण मेकॅनिक आणि व्हॅनचे हप्ते चालूच. स्वतंत्र विमा नसेल तर हंगाम सुरू करू नका.

आठवडा

काही वर्षांपूर्वीपर्यंत चांगला रायडर शुक्रवार-रविवार पोलंडमध्ये, मंगळवारी स्वीडनमध्ये, बुधवारी डेन्मार्कमध्ये आणि मध्येच ब्रिटनमध्ये पळायचा. आता एक्स्ट्रालीगाने आपल्या रायडरनी किती लीगमध्ये खेळावं यावर बंधनं घातली आहेत. तरी दोन लीग म्हणजेसुद्धा फेरीबोट, विमान, रात्रीची व्हॅन. बहुतेक जण वेगवेगळ्या देशांत गाड्यांचे वेगळे संच ठेवतात आणि स्वतः विमानाने फिरतात. सुरुवातीला हे परवडत नाही. तेव्हा एकच लीग धरा.

सामना संपल्यावर झोपण्याआधीचं काम: टाकी आणि कार्बोरेटरमधून मेथनॉल काढून टाकायचं, कारण ते पाणी शोषतं आणि धातू खातं. मग थोडं पेट्रोल फिरवून घ्यायचं. चेन धुवायची. हे सकाळवर ढकललं की सकाळी तीन वेगळीच कामं निघतात.

सामान भरताना यादी लावा, जगज्जेत्यालाही ती लागते. सप्टेंबर 2023 मध्ये डेन्मार्कच्या व्होयेन्सला पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक पात्रता फेरीत चुकीचा रेस सूट घालून उतरला आणि त्याला त्या ग्रां प्रीमधूनच, म्हणजे जागतिक मालिकेच्या त्या फेरीतूनच, बाद केलं. हातात आलेलं विजेतेपद पोलंडमधल्या तोरूनच्या शेवटच्या फेरीपर्यंत लोंबकळलं. शेवटी जिंकला तोच, पण कपड्याच्या एका चुकीने त्याला मिळू शकणारे गुण गेले.

हाडं

गळ्याचं हाड, मनगट, घोटा, खांदा. ही रोजची यादी. हवा भरलेल्या कुंपणांमुळे कठड्यावर आपटण्याचा धोका कमी झाला, संपला नाही. डार्सी वॉर्ड हा ऑस्ट्रेलियन रायडर आपल्या पिढीतला सगळ्यात नैसर्गिक मानला जायचा. ऑगस्ट 2015 मध्ये पोलंडमधल्या झिएलोना गुरा इथे लीगच्या सामन्यात तो पडला आणि कमरेखाली लुळा झाला. वय तेव्हा 23. या धंद्यात येणाऱ्याने ही गोष्ट घरच्यांसमोर बसून बोलली पाहिजे.

डोक्याला मार लागला असेल तर डॉक्टर म्हणतील तेवढे दिवस बाहेर बसा. हाड मोडलं असताना लवकर परत येण्याचं कौतुक या खेळात फार होतं. मला ते कौतुक पटत नाही. अर्ध्या मुठीने क्लच धरणारा रायडर स्टार्टला मागे पडतो आणि सरासरी घालवून बसतो, म्हणजे दुखणंही सोसलं आणि पुढच्या वर्षीची किंमतही उतरली.

वरची शिडी

जागतिक विजेतेपद 1936 मध्ये सुरू झालं आणि बहुतांश वर्षं एका रात्रीच्या अंतिम फेरीत ठरायचं. पहिली अंतिम फेरी लंडनच्या वेम्बलीला झाली, जिंकला ऑस्ट्रेलियाचा लायनेल व्हॅन प्राग. 1995 पासून ग्रां प्री मालिका आली, त्यामुळे एका रात्रीच्या नशिबाला जागा उरली नाही. तिथे पोहोचायला पात्रता फेऱ्या, ग्रां प्री चॅलेंज किंवा युरोपियन विजेतेपद हे मार्ग आहेत, शिवाय आयोजक काही जागा स्वतः देतात. त्याआधी 21 वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा.

वयाची घाई मात्र करू नका. ग्रेग हँकॉक 2016 मध्ये चौथ्यांदा जगज्जेता झाला तेव्हा 46 वर्षांचा होता. आणि न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर 1957 मध्ये पोरवयात विम्बल्डनच्या क्लबकडे इंग्लंडला आला, संघात टिकला नाही, परत घरी गेला. घरच्या ट्रॅकवर आणि ऑस्ट्रेलियात तो पळत राहिला. 1963 मध्ये न्यूकॅसलसाठी पुन्हा इंग्लंडला आला. त्यानंतर सहा विजेतेपदं, शेवटचं 1979 मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर.